फौजदारी न्यायाचं सर्टिफिकेट: फी भरण्याआधीचा हिशेब

क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र), क्रिमिनल जस्टिस, फॉरेन्सिक सायन्स, सायबर लॉ. या नावांचे तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतचे सर्टिफिकेट कोर्स आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि मोबाईलवरही. फी दोन-चार हजारांपासून लाखाच्या घरात. जाहिरातीत वर्दी, भिंग, बोटांचे ठसे आणि खाली ठळक अक्षरांत 'सरकारी व खासगी क्षेत्रात भरपूर संधी'. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूची वकिली करते, त्यामुळे ओळखीतले पालक आणि मुलं हमखास विचारतात, "मॅडम, हा कोर्स केला तर कुठे लागेल का?"

नुसत्या सर्टिफिकेटवर या क्षेत्रात नोकरी लागत नाही, हे आधीच सांगते. पदवी, वकिलीची सनद, भरती परीक्षेतले गुण किंवा चालू नोकरी यांपैकी काहीतरी हाताशी असेल, तर मात्र त्याला हे सर्टिफिकेट चांगला जोर देतं. म्हणजे प्रश्न 'कोर्स चांगला की वाईट' असा नसतो. तुमच्या हातात आज काय आहे आणि तुम्हाला कुठे पोचायचंय, यावर सगळं ठरतं. खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा. बऱ्याच जणांचा निर्णय पहिल्याच पायरीवर होऊन जाईल.

पायरी १: आधी पद ठरवा आणि त्याची जुनी जाहिरात वाचा

कोर्सचं माहितीपत्रक बाजूला ठेवा. जी नोकरी हवी आहे तिच्या मागच्या भरतीची मूळ जाहिरात मिळवा. ती एमपीएससीची असेल, पोलीस दलाची असेल किंवा महिला व बालविकास विभागाची. यूट्यूबवरचा सारांश नको, मूळ पीडीएफच हवी. त्यात 'शैक्षणिक अर्हता' हा भाग शोधा. तुमच्या कोर्सचं नाव तिथे 'आवश्यक' म्हणून आहे का, 'प्राधान्य' म्हणून आहे का, की कुठेच नाही? कुठेच नसेल तर त्या पदासाठी या कोर्सची किंमत तुमच्या ज्ञानापुरती आहे, निवडीपुरती शून्य. ही गोष्ट फी भरण्याआधी कळलेली बरी.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पोलीस भरतीचा, म्हणून तो नीट पाहू. महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी बारावी पास लागते. आधी मैदानी चाचणी ५० गुणांची: पुरुषांना १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. तिथे किमान निम्मे गुण मिळवायचे, मग एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार लेखी परीक्षेला बोलावतात. लेखी १०० गुणांची आणि मराठीतून: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. यात क्रिमिनॉलॉजीला एकही गुण नाही. ज्याला शिपाई व्हायचंय त्याने सहा महिने मैदानावर आणि अंकगणितावर घालवले तर गुण वाढतील, वर्गात बसून गुन्हेगारीचे सिद्धांत पाठ केले तर वाढणार नाहीत. शिवाय निवड झाल्यावर कायदा, तपास, कवायत हे सगळं सरकारच शिकवतं. मरोळ, खंडाळा, जालना, अकोला, तुरची इथल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रांत हेच विषय पगार घेऊन शिकायला मिळतात.

उपनिरीक्षकाचंही तसंच. पीएसआय पदाला कुठल्याही शाखेची पदवी चालते. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी, मुलाखत. मुख्य परीक्षेत कायद्याचे विषय असतात, पण ते आयोगाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे वाचावे लागतात आणि त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट कुणी मागत नाही. केंद्रीय दलांकडे वळायचं असेल तर कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल भरतीत एनसीसीच्या 'सी' प्रमाणपत्राला ५ टक्के, 'बी'ला ३ आणि 'ए'ला २ टक्के वाढीव गुण मिळतात. त्या परीक्षेचा पेपर २०२४ पासून मराठीतही देता येतो. कॉलेजात असलेल्या मुलामुलींना मी म्हणूनच सांगते, की वर्दीच हवी असेल तर आधी एनसीसीच्या ऑफिसात जा. ते प्रमाणपत्र निवड यादीत दिसतं.

न्यायालयाच्या बाजूला दारं आणखी ठरलेली आहेत. सरकारी वकील व्हायचं तर कायद्याची पदवी आणि सनद हवीच. न्यायदंडाधिकारी व्हायचं तर तेही आहे आणि शिवाय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. या दोन्ही वाटांवर क्रिमिनल जस्टिसचं सर्टिफिकेट पदवीची जागा घेऊ शकत नाही.

फॉरेन्सिकचं आकर्षण सध्या फार आहे आणि त्यातच सर्वात जास्त फसगत होते. महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक, म्हणजेच फॉरेन्सिक, प्रयोगशाळांचं संचालनालय मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तिथे काम करायला मुळात विज्ञानाची पदवी लागते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणक, ज्या विभागाला जे लागतं ते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने सहा महिन्यांचं ऑनलाईन फॉरेन्सिक सर्टिफिकेट घेतलं म्हणून तो प्रयोगशाळेत जाऊ शकत नाही. बारावी विज्ञान असेल आणि मन खरंच याच विषयात असेल, तर पदवीच फॉरेन्सिकची घ्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने उभं राहिलं, त्याचा एक परिसर गोव्यात फोंड्याला आहे. कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या मुलांना तो गांधीनगरपेक्षा खूपच जवळ पडतो.

पायरी २: कागद कुणाच्या सहीचा मिळणार, ते तपासा

सर्टिफिकेट देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे: कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, आणि खासगी क्लास किंवा संस्था. तिसऱ्या प्रकारातले सगळे फसवे असतात असं अजिबात नाही. काही फार चांगलं शिकवतात. पण त्यांचा कागद सरकारी अर्जात 'शैक्षणिक पात्रता' म्हणून लिहिता येत नाही, हे लक्षात ठेवून पैसे द्या.

'सरकारमान्य' या शब्दामागे काय आहे ते विचारा. ट्रस्टची नोंदणी, एमएसएमईचा उद्यम क्रमांक, आयएसओचा शिक्का, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, यांपैकी एकाचाही शैक्षणिक मान्यतेशी संबंध नाही. मान्यता हवी ती विद्यापीठाची, आणि दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असेल तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, दूरशिक्षण मंडळाचीही. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर देते. ती उघडून नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

पावतीवरूनही बरंच कळतं. कायद्याने मान्य असलेल्या शैक्षणिक पात्रतेच्या अभ्यासक्रमाच्या फीवर जीएसटी लागत नाही. क्लासच्या किंवा कोचिंगच्या फीवर १८ टक्के लागतो. प्रवेशाच्या आधी नमुना पावती मागा. त्यावर १८ टक्के जीएसटी दिसला, तर तुम्ही बहुधा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम घेत नसून एक सेवा विकत घेताय. ती घ्यायला हरकत नाही, पण मग तिची किंमत सेवेएवढीच धरा.

मान्यता आणि खर्च दोन्हींचा मेळ हवा असेल तर इग्नू बघा. १९८५ पासूनचं केंद्रीय मुक्त विद्यापीठ. पदवीधरांसाठी क्रिमिनल जस्टिसची पदव्युत्तर पदविका आहे, सायबर लॉचं पदव्युत्तर प्रमाणपत्र आहे, मानवी हक्कांचं प्रमाणपत्र आहे. पुणे, मुंबई, नागपूरला प्रादेशिक केंद्रं आहेत. नोकरी सोडावी लागत नाही, गाव सोडावं लागत नाही, आणि पुढच्या पायरीवर दिसेल की खरी बचत तिथेच होते. एक तपासून घ्या: अभ्यास साहित्य आणि परीक्षा कुठल्या भाषेत आहे ते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचं गाडं इथेच अडतं. विषय समजतो, पण स्वाध्याय इंग्रजीतून लिहायचे म्हटल्यावर कोर्स अर्धवट राहतो.

पायरी ३: कागदावर पूर्ण खर्च मांडा

फी ही खर्चाची फक्त दिसणारी बाजू. एक उदाहरण आकड्यांत मांडते. आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला.

सोलापूरची पदवीधर मुलगी सहा महिन्यांच्या कोर्ससाठी पुण्यात येते असं धरू. फी ४०,००० रुपये. कॉटबेसिसवर खोली आणि मेस मिळून महिना ९,०००, म्हणजे सहा महिन्यांचे ५४,०००. अभ्यासिका महिना १,०००, म्हणजे ६,०००. येणं-जाणं, परीक्षा फी, झेरॉक्स, कागदपत्रं मिळून ५,०००. इथवर १,०५,००० झाले. आता ती सोलापुरात महिना १२,००० ची नोकरी करत होती आणि ती सोडून आली असेल, तर बुडालेला पगार ७२,०००. एकूण १,७७,०००. फी यातला पाव हिस्साही नाही.

आता दुसरी बाजू. या सर्टिफिकेटमुळे तिला आधीपेक्षा महिना २,००० रुपये जास्त देणारी नोकरी लागली असं समजा. १,७७,००० भागिले २,०००, म्हणजे ८८ महिन्यांहून जास्त. सव्वासात वर्षांहून अधिक काळ गेल्यावर पैसे वसूल होणार, तेही नोकरी लागलीच तर. तोच कोर्स तिने नोकरी सांभाळून घरून केला असता तर खर्च ४०,००० आणि वसुली वीस महिन्यांत. मुक्त विद्यापीठाचा १०-१२ हजारांत झाला असता तर सहा महिन्यांत.

दर महिन्याची वाढ किती मिळेल हा आकडा क्लासच्या समुपदेशकाला विचारू नका. मागच्या दोन तुकड्यांतल्या चार मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांना थेट विचारा: आधी काय करत होता, आता काय करता, पगारात कोर्समुळे किती फरक पडला? नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तर समजा. 'शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य' याचा अर्थ नोकरीची हमी असा धरू नका. तुमचा बायोडाटा चार ठिकाणी मेल केला तरी सहाय्य दिलं असं म्हणता येतं.

पैशाइतकाच वयाचा हिशेब करा. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षांची मर्यादा आहे. पंचविशीतल्या उमेदवाराने कोर्सपायी एक वर्ष घालवलं आणि मधल्या काळात भरती होऊन गेली, तर ते नुकसान कुठल्याच पावतीवर दिसणार नाही. भरती दरवर्षी निघेल याचा भरवसा नसतो. या कोर्ससाठी कर्ज काढू नका, घरातलं सोनं तर नकोच नको. ज्या कागदाच्या जोरावर निश्चित नोकरी नाही, त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला निश्चित असतो.

पायरी ४: अभ्यासक्रम उघडून आत काय आहे ते पाहा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगला आणि टाकाऊ कोर्स सहज वेगळा करता येतो.

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे कायदे लागू झाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमं ३५८. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलमं ५३१. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, कलमं १७०. संस्थेकडून नोट्सची दोन-तीन पानं मागा. खून कलम १०३ खाली दिलाय की फक्त ३०२ खाली? फसवणूक ३१८ मध्ये आहे की अजून ४२० वरच गाडी अडलीय? एफआयआरचं कलम १७३ लिहिलंय की १५४? नोट्समध्ये फक्त जुने आकडे असतील तर तो कोर्स कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. आणि फक्त नवेच असतील तरी थोडं थांबा, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते आणि असे खटले कोर्टात पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत. आमच्या रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांच्या यादीत, दोन्ही कलमं शेजारी शेजारी दिसतात. चांगला शिक्षक दोन्ही शिकवतो.

नव्या कायद्यांनी कामाचं स्वरूपही बदललं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली मोबाईल, सीसीटीव्ही, व्हॉट्सअॅप चॅट असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना दोन भागांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. 'अ' भाग पुरावा देणाऱ्याचा, 'ब' भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे पडताळायचा अंक-अक्षरांचा संकेत, लिहायचं. कोर्टात आज सीसीटीव्हीचा पेनड्राईव्ह येतो, पण हा कागद अपुरा असतो किंवा नसतोच. हे काम चोख करू शकणाऱ्या माणसाला वकिलांच्या ऑफिसात, विमा कंपन्यांत, बँकांच्या दक्षता विभागात मागणी आहे आणि ती वाढत राहील असं मला वाटतं. म्हणून सायबर पुराव्याचा प्रत्यक्ष सराव देणारा कोर्स सापडला तर त्याला मी जास्त गुण देते. त्यातही आयटीची किंवा संगणकाची पदवी असणाऱ्याला जास्त.

सराव म्हणजे काय, याचं एक साधं माप सांगते. कोर्समध्ये तुम्हाला एक पंचनामा स्वतः लिहायला लावतात का, ते विचारा. समजा घरफोडीची जागा आहे. दोन पंच कोण, त्यांची नावं-पत्ते, पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, खोलीच्या चतुःसीमा, कडी कुठल्या बाजूने तुटली, कपाट दारापासून किती फुटांवर, जमिनीवर काय पडलंय. सापडलेला स्क्रू ड्रायव्हर खाकी पाकिटात घालून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेने मोहोरबंद करायचा. मग मुद्देमाल कारकुनाकडे तो कधी जमा झाला, तिथून प्रयोगशाळेकडे कोणत्या पत्राने, कुणाच्या हाती, कोणत्या तारखेला गेला. आणि शेवटी ज्याला कोर्टात सगळे 'सीए रिपोर्ट' (केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट) म्हणतात तो प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा त्यावरचं मोहोरेचं वर्णन पंचनाम्यातल्या वर्णनाशी जुळतं का. या साखळीतली एक कडी सैल निघाली की बचाव पक्ष तिथेच हात घालतो, आणि गुन्हा घडलेला असूनही आरोपी सुटू शकतो. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलेला विद्यार्थी मला शंभर व्याख्यानं ऐकलेल्यापेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो. ज्या कोर्समध्ये हे नाही, कोर्टाला भेट नाही, शिकवणाऱ्यांत एकही निवृत्त तपास अधिकारी, वकील किंवा प्रयोगशाळेतला माणूस नाही, तिथे तुम्ही फक्त पुस्तकाची फी भरताय.

पायरी ५: तुम्ही यांपैकी कुठे बसता?

नव्याने सनद घेतलेल्या वकिलाला सायबर लॉ किंवा फॉरेन्सिकचं सर्टिफिकेट फायद्याचं. उलटतपासणीत तज्ज्ञ साक्षीदाराला काय विचारायचं हे कळतं. शिवाय विधी सेवा प्राधिकरणांनी २०२२ पासून लोकअभिरक्षक कार्यालयांची, म्हणजे गरजू आरोपींना मोफत बचावाचा वकील देणारी, व्यवस्था आणली आहे. तिथे सहाय्यक पदावर शून्य ते तीन वर्षं वकिली झालेल्यांनाही अर्ज करता येतो. काम कंत्राटी आहे, पण फौजदारी प्रकरणं हाताखालून इतकी जातात की पुढच्या वकिलीचा पाया होतो.

समाजकार्याची पदवी असणाऱ्यांनाही उपयोग आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृहं, सखी वन स्टॉप सेंटर, कारागृहात काम करणाऱ्या संस्था, इथे कायद्याची भाषा येणारा कार्यकर्ता कमी सापडतो. मात्र एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायचंच असेल तर सर्टिफिकेटवर पैसे घालवण्याआधी देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहून घ्या. त्याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय.

बँकेत असाल तर क्रिमिनॉलॉजीकडे वळूच नका. १९२८ पासूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची केवायसी व मनी लाँडरिंग प्रतिबंधाची, तशीच सायबर गुन्हे व फसवणूक व्यवस्थापनाची सर्टिफिकेटं आहेत. तुमच्या क्षेत्रात ओळखली जातात, फी आवाक्यात आहे, नोकरी सांभाळून परीक्षा देता येते. खर्च आणि परतावा यांचं गणित मी पाहिलेल्या पर्यायांत इथे सर्वात चांगलं जमतं.

पोलीस दलात आधीच असाल तर पगारवाढीसाठी कोर्स करू नका, तपासाचं काम सुधारण्यासाठी करा. स्टेशनला ज्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे कागद नीट करता येतात, त्याच्याकडे सगळे येतात. आधी वरिष्ठांची परवानगी घ्या आणि खात्यातर्फे तेच प्रशिक्षण मोफत आहे का ते विचारा.

बारावी झालेली मुलं, ज्यांना अजून काही ठरवता आलेलं नाही, त्यांनी सर्टिफिकेट टाळावं आणि पदवी करावी. पदवी करता करता बाजूला स्वस्तातलं काही शिकायचं असेल तर जरूर शिका.

खासगी गुप्तहेर व्हायला सर्टिफिकेट देणारेही आहेत. या व्यवसायासाठी देशात वेगळा परवाना देणारा कायदा नाही, त्यामुळे त्या सर्टिफिकेटने तुम्हाला कुठलाही कायदेशीर अधिकार मिळत नाही. कुणाचे कॉल रेकॉर्ड काढून देणं हा गुन्हा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशाच प्रकरणात खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. सुरक्षा रक्षकाचं मात्र वेगळं: २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली रक्षकाला प्रशिक्षण सक्तीचं आहे, केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानी. चांगली एजन्सी ते स्वतः करून घेते. रक्षकाच्या नोकरीसाठी वेगळं 'क्रिमिनल जस्टिस' घेण्याची गरज नाही.

पायरी ६: पैसे देण्याआधी महिनाभर फुकट शिकून पाहा

आवड खरी आहे की मालिका बघून आलेली आहे, हे महिन्याभरात कळतं आणि त्याला जवळजवळ काही खर्च नाही.

जिल्हा न्यायालयात जा. फौजदारी न्यायालय कायद्याने खुलं असतं. बलात्कारासारखे बंद दाराआड चालणारे खटले सोडले तर कुणीही मागच्या बाकावर शांत बसून कामकाज ऐकू शकतं. मोबाईल बंद ठेवा, शिपायाला विचारून बसा. साक्षीपुराव्याच्या कामाला सत्र न्यायालयात सकाळीच गेलेलं बरं. तिथे तुम्हाला दिसेल की बराचसा वेळ तारखा, गैरहजर साक्षीदार आणि कागदपत्रांत जातो. हे पाहूनही उत्साह टिकला तर तुम्ही या क्षेत्रात टिकाल.

घरी इंडिया कोड या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर तिन्ही नवे कायदे मोफत वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याचे चार-पाच काढा, त्यातली कलमं संहितेत शोधा, प्रत्येकाला शिक्षा किती, जामीनपात्र आहे का, कोणत्या कोर्टात चालेल, ते वहीत लिहा. स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाईन शिक्षणाच्या पोर्टलवर विद्यापीठांचे कायद्याचे आणि सायबर सुरक्षेचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची.

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवकांबद्दल विचारा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ पासून आहे. कायद्याची पदवी लागत नाही, प्रशिक्षण तेच देतात, कामाच्या दिवसाचं मानधनही असतं. लोकअदालत, तुरुंगातले कैदी, पोलीस ठाणं, गावातले वाद, हे सगळं आतून पाहायला मिळतं. बायोडाट्यात या अनुभवाची एक ओळ असेल तर सामाजिक संस्था आणि वकिलांची ऑफिसं ती आवर्जून वाचतात.

प्रवेश घ्यायचाच ठरला तर

फी हप्त्याने भरता येते का विचारा आणि पहिला हप्ता शक्य तितका लहान ठेवा. रोख देऊ नका. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कुणाकडेही ठेवू नका, पडताळणी करून लगेच परत घ्या. विद्यापीठ किंवा संलग्न कॉलेज असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या धोरणाप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत नाव काढलं तर ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के फी परत मिळते, त्यानंतर काही नाही. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि तिच्या आत पहिले वर्ग मन लावून ऐका, म्हणजे निर्णय वेळेत घेता येईल. खासगी क्लास या धोरणात येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून परताव्याची अट पैसे देण्याआधी लेखी घ्या. त्यांनी माहितीपत्रकात दिलेली आश्वासनं, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, पावत्या सगळं जपून ठेवा. शब्द फिरवला तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि तिथे हेच कागद पुरावा म्हणून लागतात.

कोर्स चालू असतानाच पुढचा अर्ज तयार करायला घ्या. वर्गात लिहिलेला पंचनामा, एखाद्या निकालाचं तुम्ही केलेलं दोन पानी टिपण, कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा भरलेला नमुना, असं स्वतःच्या हातचं काम एका फाईलमध्ये लावत चला. मुलाखतीला किंवा एखाद्या वकिलाकडे काम शिकायला जाल तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स सगळ्यात खाली ठेवा आणि ही फाईल वर.